अक्कलदाढ लिमिटेड

बदलीताईला कंपनी काढायची नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे ती ज्या ज्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली, त्या प्रत्येक टेबलामागच्या माणसाने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ही बाई आता बाजारपेठ ताब्यात घ्यायला निघाली आहे. तिला हवं होतं एक स्टूल. चाकांचं, उंची कमीजास्त होणारं, दाताच्या दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीला लागून असतं तसलं. त्या स्टुलावर सलग नऊ महिने बसायला मिळावं, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा होती.

ती दाताच्या दवाखान्यांत बदलीवर जाणारी असिस्टंट होती. कुठली कायमची असिस्टंट आजारी पडली, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा पाय मुरगळला, की एजन्सीचा फोन यायचा आणि हिची स्वारी डबा आणि चपलांचा जादा जोड घेऊन निघायची. दोन दिवस इथे, तीन दिवस तिथे. आता बाहेरच्या माणसाला वाटेल, दात सगळीकडे सारखेच, त्यात काय एवढं. दात सारखे असतात, खण सारखे नसतात. डॉक्टर पेशंटच्या तोंडातली नजर न काढता हात पुढे करतात आणि त्या हातात दीड सेकंदाच्या आत योग्य ते हत्यार पडावं लागतं. नव्या दवाखान्यात त्या दीड सेकंदात हिने तीन खण उघडलेले असत, आणि तिन्हींत कापूस निघालेला असे. पेशंट आ वासून, डॉक्टर हात पसरून आणि ही खाली वाकून, असा देखावा दुपारपर्यंत चाले. दुपारनंतर खण पाठ व्हायचे. मग दवाखाना बदलायचा. असं एकोणीस वर्षं चाललं होतं.

या एकोणीस वर्षांत तिला कामावर कुणी नावाने हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं. 'आजच्या ताई' किंवा 'त्या बदलीच्या आहेत ना, त्या' एवढ्यावर भागायचं. ते नाव दवाखान्यांतून निघून कधी तिच्या इमारतीत येऊन पोचलं, ते कळलंच नाही. आता दूधवालाही बदलीताई म्हणायचा.

अपवाद एकच. घरापासून चालत दहा मिनिटांवर एक दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई हाताने हलक्या आणि बोलायला त्याहून मऊ. तिथे तिने एकदा पंधरा दिवस काम केलं होतं, आणि शेवटच्या दिवशी बाई हात धुता धुता म्हणाल्या होत्या, "तुम्ही असलात की माझी मान दुखायची थांबते." हे वाक्य बदलीताईने वर्षभर जपून वापरलं. अगदीच वाईट दिवस गेला तरच ती ते काढायची. तर आता त्याच दवाखान्यातली कायमची असिस्टंट बाळंतपणाला नऊ महिने जाणार होती, आणि डॉक्टरीणबाईंनी एजन्सीला फोन करून बदली मागितली ती चक्क नाव घेऊन. एजन्सीतल्या मुलीला आधी कळेचना कुणाबद्दल बोलतायत ते. रजिस्टर काढून बघावं लागलं.

"ताई, काम तुमचंच आहे," एजन्सीतली मुलगी म्हणाली. "फक्त एक छोटीशी गोष्ट आहे."

दाताच्या दवाखान्यात 'थोडंसं टोचेल' या शब्दांनंतर काय होतं ते बदलीताईला चांगलं ठाऊक होतं. ती जवळची खुर्ची ओढून बसली.

"पुढच्या एक तारखेपासून नवा नियम आलाय. लांबच्या मुदतीच्या बदल्यांना आम्ही सुटी माणसं पाठवायची नाहीत. कंपनीमार्फत पाठवायची. तुम्ही एक कंपनी काढून टाका. लिमिटेड."

"कसली कंपनी?"

"तुमचीच. हल्ली एका माणसाचीही निघते. तुम्ही संचालक, तुम्हीच कर्मचारी. कंपनी तुम्हाला दवाखान्यात पाठवणार."

"म्हणजे मीच मला पाठवायचं?"

"बरोबर. सोपं आहे ताई. तीन आठवडे आहेत तुमच्या हातात."

बदलीताईचा नवरा लिफ्ट तपासनीस होता. शहरातल्या दोनशेएक लिफ्टमध्ये काचेच्या चौकटीत त्याच्या सहीचं प्रमाणपत्र लावलेलं होतं. स्वतः मात्र तो कुठेही जिन्यानेच जायचा, आणि का, असं विचारलं तर विषय बदलायचा. माणूस सरळ. इतका सरळ, की त्याच्या खात्यात त्याची गैरसोय व्हायची. जी लिफ्ट बरोबर नाही तिला बरोबर आहे असं त्याने कधी लिहून दिलं नाही, आणि त्यापायी त्याच्या दोन बढत्या हुकल्या होत्या. बायकोच्या पेशाबद्दल त्याला आदर होता आणि धास्तीही होती. तिच्यासमोर तो जांभईसुद्धा तोंडावर हात घट्ट धरून देत असे.

"काढ की," तो म्हणाला. "कागद काय लागतात ते फक्त नीट वाच."

कागद वाचायच्या आधीच खालचे काका वर आले. खालचे काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर त्यांचा सगळा अनुभव तसाच शिल्लक राहिलेला. ती बातमी त्यांना कुणी दिली हे आजतागायत उघड झालेलं नाही.

"लिमिटेड म्हणजे काय, कळलंय का तुम्हाला?" काका सोफ्यावर बसत म्हणाले. "उद्या कंपनी बुडाली तर तुमचं घरदार, भांडीकुंडी शाबूत राहतात. बुडते ती कंपनी. तुम्ही नाही."

"पण काका, कंपनीत मी एकटीच आहे. मग बुडतं कोण?"

"हा तपशील झाला," काका म्हणाले आणि चहा मागितला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आपल्या भावाला चिकटवून घेता येईल का, ते विचारायला आल्या. "तो कुठेच महिन्याच्या वर टिकत नाही हो," त्या म्हणाल्या, "पण तुमची कंपनीच मुळी बदलीची. तुमच्याकडे चालून जाईल."

पहिलं विघ्न नावात आलं. कंपनीचं नाव आधी मंजूर करून घ्यावं लागतं, आणि जगातली सगळी बरी नावं आपल्याआधीच कुणीतरी नेलेली असतात हे माणसाला तेव्हा कळतं. 'हसरे दात' एका फोटो स्टुडिओकडे होतं. 'शुभ्र' एका लाँड्रीकडे. 'दंतसेवा'वर उत्तर आलं, की सेवा हा शब्द वापरायचा तर धर्मादाय असल्याचा दाखला जोडा. 'मोती' कळवलं तर खनिज खात्याचं ना-हरकत पत्र मागितलं. ती दोन दिवस त्या पत्राकडे बघत होती. मोत्याचा खाणीशी काय संबंध, हे विचारायला जो फोन नंबर दिला होता, तो एका शाळेचा निघाला. सहाव्या खेपेला तिचा तोल गेला आणि तिने रागाने 'अक्कलदाढ' असं टाईप करून पाठवलं. चार मिनिटांत मंजूर.

"अक्कलदाढ लिमिटेड," नवऱ्याने सावकाश वाचलं. "लोक म्हणतील, अक्कल मर्यादित."

"म्हणू देत. खोटं काय आहे त्यात?"

दुसरं विघ्न पत्त्याचं. कंपनीला नोंदणीकृत पत्ता लागतो, आणि त्या पत्त्यावर रस्त्यावरून दिसेल अशी पाटी लागते. नवऱ्याने लेव्हल लावून, चार स्क्रूंनी, फाटकाशेजारच्या भिंतीवर पाटी ठोकली. अक्षरं सुबक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बदलीताईने दार उघडलं तर जिन्यात एक गृहस्थ गालाला रुमाल बांधून बसलेले. गाल असा सुजला होता की डोळा मिटत आला होता. त्यांना खालच्या काकांनी वर पाठवलं होतं.

"इथे दात बघत नाही," ती म्हणाली.

गृहस्थांनी एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. "पाटी आहे."

"पाटी कंपनीची आहे. मी नुसती असिस्टंट आहे, आणि तीही इथली नाही."

"मग इथे काय करतात?"

शेवटी तिने जिन्यातल्या उजेडात त्यांच्या तोंडात डोकावून पाहिलं, कारण एकोणीस वर्षांची सवय, उघडं तोंड दिसलं की मान आपोआप वाकते. खालच्या दाढेत पू झाला होता. तिने त्यांना डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. गृहस्थ जाताना म्हणाले, की नुसता पत्ताच सांगायचा होता तर एवढी मोठी पाटी कशाला. त्या आठवड्यात असे सात जण आले. सोसायटीच्या चेअरमननी 'निवासी इमारतीत कारखाना चालवण्याबाबत' असं पत्र दिलं. मग नवऱ्याने पाटीच्या खाली पुठ्ठ्याची आणखी एक पाटी लावली, 'येथे दात पाहिले जात नाहीत'. आपण काय करत नाही एवढंच सांगणारी ती परिसरातली एकमेव कंपनी असावी. लोक फाटकापाशी थांबून दोन्ही पाट्या वाचायचे आणि वर खिडकीकडे बघायचे. बदलीताईने त्या खिडकीला जाड पडदा लावला.

आता खरी गोष्ट, म्हणजे जिच्यामुळे सगळं घडलं ती. ती सांगायच्या आधी दातांच्या तक्त्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, त्याला इलाज नाही.

डॉक्टर पेशंटचे दात तपासतात तेव्हा ते तोंडात बघता बघताच सांगत जातात आणि असिस्टंट तक्त्यावर लिहीत जाते. तक्ता म्हणजे समोर बसलेल्या माणसाचं उघडं तोंड. आता समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, तसंच दातांचं. डॉक्टर 'उजवीकडे' म्हणाले की असिस्टंटचं पेन कागदाच्या डावीकडे जातं. 'डावीकडे' म्हणाले की उजवीकडे. सुरुवातीला याचा विचार करावा लागतो. दोन वर्षांनी तो करावा लागत नाही, आणि एकोणीस वर्षांनी करायचं म्हटलं तरी करता येत नाही. रिक्षात बदलीताईने 'डावीकडे घ्या' म्हटलं की नवरा पुढे वाकून रिक्षावाल्याला हळूच 'उजवीकडे' सांगायचा. यावर घरात वाद घालायचा नाही, असं त्याने लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

तर अर्जाच्या शेवटच्या पानावर दोन मोठे चौकोन होते. दोन्ही कोरे. प्रत्येकात फोटो चिकटवून, खाली नाव लिहून सही करायची. एका माणसाची कंपनी असली तरी त्यात दुसरं एक माणूस दाखवावं लागतं. संचालक मरण पावला किंवा कामाला असमर्थ ठरला, तर त्याच्या जागी येणारं. त्याला म्हणतात पर्यायी व्यक्ती. अर्थात तिथे नवऱ्याचं नाव द्यायचं ठरलं होतं. कुठला चौकोन कुणाचा, एवढंच विचारायला ती नोंदणी कार्यालयात चार नंबरच्या खिडकीपाशी गेली.

चार नंबरच्या खिडकीतल्या कारकुनाला धुळीचा त्रास होता. त्यामुळे त्याने तोंडाला मास्क लावलेला होता. त्याच्या डोक्यावर टेबलाचा दिवा होता आणि तो खाली वाकून कशात तरी बारीक काम करत होता. मान वर न करता, मास्कमधून, सपाट आवाजात तो म्हणाला, "उजवीकडे संचालक. डावीकडे पर्यायी व्यक्ती. पुढचे."

मास्क, दिवा, वाकलेली मान आणि तो आवाज. तुम्हीच सांगा, बदलीताईचा काय दोष? 'पुढचे' हा शब्द तर ती रोज ऐकत होती. तिने तिथल्या तिथे पेन काढलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून, डाव्या चौकोनात पेन्सिलीसारखी बारीक खूण करून 'मी' लिहिलं आणि उजव्या चौकोनात 'हे'.

घरी येऊन तिने फोटो चिकटवले, सही केली आणि कागद नवऱ्यापुढे सरकवला. "इथे, डावीकडे सही करा," असं म्हणून तिने बोट उजवीकडे ठेवलं. नवऱ्याने बोटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि आपला जुना निर्णय आठवून बोट होतं तिथे सही केली.

एक तारखेला चार दिवस उरले असताना प्रमाणपत्र आलं. जाड कागद, वर शिक्का. अक्कलदाढ लिमिटेड. संचालक, नवऱ्याचं नाव. पर्यायी व्यक्ती, तिचं.

तिने ते दोनदा वाचलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात बदलीवर गेलो, ते समजण्यासारखं होतं. स्वतःच्या कंपनीतही आपण बदलीवरच, हे तिला झेपेना. नवऱ्याने प्रमाणपत्र खिडकीशी नेऊन वाचलं. मागची बाजूही वाचली.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या डाव्या-उजव्यात मी पडत नाही."

ती धावत चार नंबरच्या खिडकीवर गेली. कारकुनाने मास्क हनुवटीवर ओढून सगळं ऐकून घेतलं, आणि त्याचं म्हणणं असं पडलं की दुरुस्ती होते, पण तिला नव्वद दिवस लागतात. शिवाय दुरुस्तीचा अर्ज संचालकाच्या सहीने यावा लागतो, आणि तो आला की दुरुस्ती होईपर्यंत कंपनीला काम करता येत नाही.

"दुसरा काही मार्ग नाही का? एक तारखेला काम सुरू होतंय हो माझं."

कारकुनाने नियमाचं पुस्तक चाळलं. तो मनापासून शोधत होता, हे कबूल केलं पाहिजे. "आहे एक," तो म्हणाला. "संचालक वारले, तर पर्यायी व्यक्तीचं नाव त्याच दिवशी लागतं. मृत्यूचा दाखला आणि दोन फोटो."

हे तिने घरी जेवताना सांगितलं. नवऱ्याने आमटी वाढून घेतली. मग म्हणाला, "फोटो तर आहेत घरात." तो विनोद होता की नाही, ते तिला कळलं नाही.

शेवटी ठरलं, की असू दे. कागदावर संचालक तो, काम तिने करायचं, काय बिघडलं? पण नवरा तपासनीस होता. त्याला एखादी जबाबदारी कागदावर दिली की ती खरी व्हायची. त्याने नियमावली आणून अधोरेखित केली. सात दिवसांत संचालक मंडळाची पहिली बैठक घ्यावी लागते असं त्यात निघालं, म्हणून रविवारी सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलावर बैठक घेतली. मंडळात तो एकटाच होता. बदलीताई बसायला गेली तर त्याने संकोचून सांगितलं, की पर्यायी व्यक्तीला संचालक हजर असताना बैठकीला बसता येत नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिने ठराव ऐकले. सगळे एकमताने मंजूर झाले. त्यानंतर त्याने तिला तिच्या नेमणुकीचं पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, 'आपली नेमणूक तात्पुरत्या स्वरूपात करण्यात येत आहे.'

"इथेही तात्पुरतीच?"

"छापील नमुना तोच मिळाला," नवरा म्हणाला. "कायमचा नमुना वेगळा असतो. तो संपलाय म्हणे."

एक तारखेला ती स्टुलावर बसली. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही, कारण सुखात सांगण्यासारखं थोडंच असतं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत खण पाठ झाले आणि दुसऱ्या दिवशी ते तसेच्या तसे पाठच होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिच्या नावाची चिठ्ठी कपाटाच्या एका कप्प्याला चिकटवली. चौथ्या दिवशी तिने त्या कप्प्यात स्वतःचा कप आणून ठेवला. एकोणीस वर्षांत तिचा कप कुठेच नव्हता. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी एजन्सीतल्या मुलीचा फोन आला. "ताई, पडताळणी कार्यालयाचे साहेब येणार आहेत उद्या, कंपनी खरी आहे का ते बघायला. घाबरू नका. ते एकच विचारतात. या कामाला हीच बाई लागते का, की दुसरी पाठवली तरी चालेल? म्हणायचं, चालेल. कोणीही चालेल. हीच लागते असं म्हटलंत, तर ती कंपनी नाही, सरळ नोकरी झाली. मग कंपनी खोटी, करार रद्द आणि तुमचं कामही गेलं."

"पण बाईंनी मला नाव घेऊन मागितलंय."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. साहेबांना माहीत व्हायला नको."

डॉक्टरीणबाईंना हे सांगायला तिला अर्धा दिवस लागला. बाईंनी हातमोजे काढले, परत घातले आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला ठेवून घ्यायचं, तर तुमची गरज नाही असं म्हणायचं."

"हो."

"बरं. म्हणेन."

नवऱ्याचीही तालीम घ्यावी लागली, कारण संचालकाने हजर राहायला हवं होतं. न्याहारीला तिने त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

"काय म्हणायचं?"

"कोणीही चालेल."

"माझ्याकडे बघून."

नवऱ्याने पोह्यांच्या बशीतून मान वर केली नाही. "कोणीही चालेल," तो बशीला म्हणाला.

साहेब बारा वाजता आले. खुर्चीत पेशंट होता, दाढ अर्धी कोरून झालेली. साहेब सभ्य होते, त्यांनी काम होईपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं आणि कोपऱ्यात बसले. नवरा दाराशीच उभा राहिला, कारण ड्रिलच्या आवाजाच्या त्याहून जवळ त्याला येववेना. बायकोला कामावर तो पहिल्यांदाच बघत होता. अर्धा तास तो चौकटीला धरून उभा होता.

पेशंट गेल्यावर साहेबांनी फॉर्म काढला आणि तेवढीच चांगल्या उजेडाची जागा म्हणून ते पेशंटच्या खुर्चीत टेकले. बदलीताईने हातातला कागदी रुमाल त्यांच्या गळ्याशी नेलाच होता, तेवढ्यात ती भानावर आली.

"डॉक्टर, या कामाला याच बाई लागतात का?"

"नाही," डॉक्टरीणबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "कुणीही आलं तरी माझं काम अडत नाही."

हे ठरलेलंच होतं. बदलीताईनेच सांगितलं होतं असं म्हणायला. तरी ते वाक्य तिला लागायचं तिथे लागलं, आणि लागलं याचा तिला रागही आला.

"तुमचं काय म्हणणं?" साहेबांनी तिला विचारलं.

"माझ्या जागी कोणीही चालेल," ती म्हणाली. अडखळली नाही. याची तिला सवय होती.

साहेबांनी दोन्ही उत्तरं लिहिली. "आणि संचालक? तुमच्या कंपनीला यांच्याऐवजी दुसरी व्यक्ती पाठवता येईल?"

नवरा दारातून एक पाऊल आत आला. बदलीताईने त्याच्याकडे बघून ओठ हलवले, को-णी-ही. तो तिच्याकडे बघत नव्हता, फॉर्मकडे बघत होता.

"हा तपासणीचा कागद आहे का?" त्याने विचारलं.

"हो."

"खाली माझी सही लागेल?"

"लागणारच."

"मग नाही," नवरा म्हणाला. "दुसरी नाही चालणार."

"अहो," बदलीताई म्हणाली.

"मी बघितलं ना आत्ता, अर्धा तास," तो साहेबांना सांगू लागला, आणि लिफ्टखालच्या खड्ड्यात उभा राहून तो बोलतो तेव्हा होतो तसा त्याचा आवाज ठाम झाला. "डॉक्टर नुसता हात पुढे करतात आणि वस्तू हातात आलेली असते. मागायच्या आधी. तो पेशंट कण्हायच्या आत हिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचे खांदे खाली आले, मी मोजलंय, चार वेळा. मी सव्वीस वर्षं यंत्रं तपासतोय साहेब. असं जुळलेलं मी फार कमी बघितलंय. यातलं एक माणूस काढून दुसरं बसवलं तरी चालेल, असं लिहून त्याखाली मी सही करणार नाही."

साहेबांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा मास्कमध्ये होता, पण डोळे भरले होते, आणि ते साहेबांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी दोन्ही आधीची उत्तरं एका रेघेने खोडली. वाईट वाटल्यासारखं केलं, बहुधा वाटलंही असेल. करार त्याच दिवशी थांबला. दुसऱ्या दिवशीपासून एका दुसऱ्या कंपनीच्या तीन मुली आळीपाळीने त्या स्टुलावर बसू लागल्या. कप डॉक्टरीणबाईंनी धुऊन, कागदात गुंडाळून घरी पाठवला. सोबत चिठ्ठी होती, पण त्यात नावापुढे काही लिहायचं त्यांना सुचलेलं दिसलं नाही.

बदलीताई नवऱ्याशी पाच दिवस बोलली नाही. तिला त्याचा संताप आला होता, खराखुरा. हातात आलेले नऊ महिने गेले होते, आणि तिच्या वयात असे नऊ महिने पुन्हा कोण देणार होतं? खालचे काका समजूत घालायला आले आणि कंपनी बुडाली तरी भांडी राहिली, असं म्हणून चहा पिऊन गेले. सहाव्या दिवशी पडताळणी कार्यालयाचं पत्र आलं. जाड कागद, वर शिक्का. तिने ते ओट्याशी उभं राहून वाचलं.

'अक्कलदाढ लिमिटेड यांचा करार अमान्य करण्यात येत आहे. कारण : सदर महिला कर्मचाऱ्यास पर्याय नाही, असे संचालकांनी स्वतः पाहून प्रमाणित केले आहे.'

नवरा दारात येऊन उभा होता. "काही चुकीचं लिहिलंय का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काही नाही," ती म्हणाली, आणि ओट्याकडे तोंड करून रडली. नऊ महिन्यांसाठी रडत होती की त्या ओळीसाठी, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. नवरा जवळ आला आणि काय करावं ते न सुचून त्याने गॅस बंद केला.

तेवढ्यात एजन्सीतल्या मुलीचा फोन आला. "ताई, उद्या आणि परवा दोन दिवस आहे एका ठिकाणी. लांब आहे जरा, पण दोन दिवसांना कंपनी लागत नाही. येताय ना?"

"दुसरं कुणी बघा," बदलीताई म्हणाली. "मिळालं तर." आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने फोन आधी ठेवला.

मग तिने ते पत्र आणखी एकदा वाचलं, डोळे पुसले, चहा केला, दोघांचा तो पिऊन झाला. मग तिने एजन्सीला स्वतःच फोन लावला आणि बस कुठून मिळेल ते विचारून पत्ता लिहून घेतला.